किशोरवयीनांच्या प्रेमसंबंधांतील हिंसा रोखण्यासाठी पालकांनी काय करावे

पन्हाळा, करवीर किंवा कागल तालुक्यातील गावांतून अकरावी-बारावीसाठी एसटीने कोल्हापुरात येणारी मुलगी प्रेमसंबंधात त्रास होऊ लागला, तरी बहुधा गप्प राहते. कारण घरी कळले तर मोबाईल काढून घेतला जाईल, कॉलेज बंद होईल आणि स्थळे पाहणे सुरू होईल, अशी तिला धास्ती असते. ‘तुझ्या घरी सांगतो’ ही धमकी याच धास्तीवर चालते. म्हणून काहीही घडले तरी तुझे शिक्षण थांबणार नाही, असा शब्द पालकांनी आधीच द्यावा आणि तो पाळावा. माझ्या मते इतर सर्व उपाय यानंतरचे आहेत.

हिंसा मारहाणीनेच सुरू होते असे नाही. पासवर्ड मागणे, रंकाळ्यावर कोणाबरोबर गेली होतीस याचा जाब विचारणे, मैत्रिणींशी बोलणे बंद करायला लावणे, फोटो पसरवण्याची किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याची धमकी देणे, हे सारे तिला प्रेमच वाटू शकते. ‘तू नाही म्हणालीस तर तो काय करतो?’ एवढेच शांतपणे विचारावे. मुलगेही असा जाच सोसतात, त्यांनाही हेच विचारावे. आणि नकार मिळाल्यावर पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे, हे मुलाला घरातच स्पष्ट सांगावे.

संबंध तोडताना ‘शेवटचे एकदा भेट’ या आग्रहाला बळी पडून एकटीने जाऊ नये. धमकीचे संदेश पुसू नयेत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. तातडीच्या वेळी ११२, अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आणि फोटोंच्या ऑनलाइन गैरवापरासाठी १९३० हे क्रमांक आहेत.

अठरा वर्षांखालील मुलाचे किंवा मुलीचे लैंगिक शोषण झाल्याचे समजल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे मोठ्यांवर बंधनकारक आहे, त्यामुळे ‘कोणालाही सांगणार नाही’ असे खोटे आश्वासन मुलांना देऊ नये. त्याऐवजी जबाब घरीही नोंदवता येतो, तो घेणारे पोलीस गणवेशात नसतात आणि रात्री मुलांना पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही, हे त्यांना आधी समजावून सांगावे.