सोसायटीच्या गच्चीवर सोलर: कोणी किती भरायचं, बचत कशी वाटायची?

गच्चीवर सोलर बसवायला सहसा कुणाची ना नसते. सभा अडते ती ‘मी किती भरायचं?’ इथे. म्हणून ठेकेदाराचं कोटेशन मागवण्याआधी वाटणीचं ठरवा.

सुरुवात मेंटेनन्सच्या बिलापासून करा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं वीजबिल आज कसं वाटलं जातं ते पाहा. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत मात्र खर्च अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक मालकीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, टक्क्यांनी वाटतात. ज्या मापाने बिल भरता, त्याच मापाने सोलरचे पैसे गोळा करा. वर्गणी चौरस फुटांवर आणि बचत सर्वांना सारखी, असं केलं तर मोठ्या फ्लॅटवाल्यावर सरळ अन्याय होतो. तळमजल्यावरची दुकानं लिफ्ट-पंपाचं बिल भरत नसतील, तर त्यांच्याकडून वर्गणी नको आणि त्यांना बचतही नको.

मग वर्षभराची बिलं काढून युनिट मोजा आणि तेवढाच प्लांट घ्या. 1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. गच्ची मोठी आहे म्हणून जास्त पॅनेल टाकू नका. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीला दिलेले युनिट तुमच्या बिलातून वजा होतात त्या पद्धतीत, वर्षअखेरीस उरलेल्या युनिटला तुम्ही मोजता त्यापेक्षा कमी दर मिळतो. बिल शून्य होईल असंही सभेत सांगू नका, वापर कितीही असला तरी लागणारा स्थिर आकार भरावाच लागतो.

आता हिशोब. आकडे उदाहरणापुरते घेऊ. 40 फ्लॅट, 20 किलोवॉट, खर्च 11 लाख. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 3,60,000. उरले 7,40,000, फ्लॅटमागे 18,500. पण अनुदान प्लांट सुरू झाल्यावर येतं, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. ते आल्यावर कुणाला किती परत मिळणार, हे ठरावातच लिहा.

महिन्याला 2,400 युनिट आणि युनिटमागे 10 रुपये वाचले, तर फ्लॅटमागे 600 रुपये होतात. त्यातले 100 बाजूला ठेवा. पॅनेल 25 वर्षं चालतात, पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र त्याआधी बदलावा लागतो. त्या वेळी पुन्हा वर्गणीची वेळ येऊ नये. उरलेल्या 500 रुपयांनी मेंटेनन्स कमी करा. पैसे 37 महिन्यांत वसूल होतात.

खरी कसोटी पुढे आहे. पेन्शनवरच्या आजींना 18,500 एकदम जमत नाहीत. त्यांना वगळून ‘भरणाऱ्यांनाच बचत’ असं करू नका. गच्ची त्यांचीही आहे. त्यांचा वाटा सोसायटीच्या साध्या ठेवीतून घाला (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या सिंकिंग फंडाला हात लावू नका) आणि तो फिटेपर्यंत त्यांचा मेंटेनन्स जुन्याच दराने चालू ठेवा. 500 रुपयांच्या फरकातून रक्कम ठेवीत परत जाते. बुडालेलं व्याज धरलं तर तीन-चार महिने वाढतील. त्यांच्या खिशातून जादा एक रुपयाही जात नाही आणि इतरांवर बोजाही पडत नाही. माझ्या मते ही सवलत मागणाऱ्याला कारण विचारू नये. कोणी ती घेतली हे सभेत वाचून दाखवणं तर मुळीच नको.

फ्लॅट विकला तर वाटा फ्लॅटसोबत जातो, माणसासोबत नाही. राहिलेली बाकी ना-हरकत दाखल्यात लिहा. भाडेकरू मेंटेनन्स भरत असेल तर बचत त्याच्याकडे जाते, ते मालकाने भाडेकरारात बघावं.

वरच्या मजल्यावरच्यांना गळतीची भीती असते आणि ती रास्त आहे. पॅनेलचा सांगाडा उभारण्यापूर्वी वॉटरप्रूफिंग करून घ्या आणि तो खर्च प्रकल्पातच धरा, नंतर त्या चार घरांच्या माथी मारू नका.

हे सगळं सर्वसाधारण सभेच्या ठरावात आकड्यांसह उतरवा. प्लांट सुरू झाला की दर महिन्याला सूचनाफलकावर चार ओळी लावा: किती युनिट तयार झाले, बिल किती आलं, किती वाचले, इन्व्हर्टरसाठी किती साठले.