पेन्शनरांच्या घरात या चुका टाळा: आधी आईचं नाव जुळवा

वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि भांडुपला स्थायिक झाले. ते गेल्यावर आईची फॅमिली पेन्शन चार महिने अडली, ती एका नावापायी. आधारवर लग्नात सासरी ठेवलेलं नाव, फौजेतून निवृत्त होताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तिकेत, म्हणजे डिस्चार्ज बुकात, माहेरचं. त्या पिढीत कितीतरी घरांत हेच आहे, म्हणून कळकळीने सांगते. वडील हिंडतेफिरते आहेत तोवर डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि पासबुक एका टेबलावर मांडा. आईचं नाव, स्पेलिंग, जन्मतारीख अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर वडिलांच्या सहीने फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज करा. मदतीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. स्वतः फौजी अर्ज करतो तेव्हा काम सोपं असतं. त्याच्यामागे बायकोला 'ती मीच' हे सिद्ध करत बसावं लागतं.

जन्मतारखेकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. केंद्र सरकारच्या आणि सैन्याच्या पेन्शनरांना ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०. फॅमिली पेन्शनलाही हीच वाढ लागू आहे. पण पीपीओत आईची जन्मतारीखच नसेल तर तिची ऐंशी भरल्याचं कळणार कुणाला? दिवसभर सोबतीला ठेवलेल्या मावशींचा पगार साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. तो याच पैशांतून निघतो, त्यामुळे ही वाढ सोडू नका.

हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला नोव्हेंबरच्या रांगेत उभं करणं ही आणखी एक चूक. ८० च्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफची पेन्शन घेणाऱ्यांना, नोव्हेंबरचं बंधन नाही, दिलेल्या दिवसापासून वर्षभर चालतो. आयुष्यभर भांडी घासून आईचे अंगठे गुळगुळीत झालेत, मशीन तिचा ठसा घेईना. शेवटी तिला खिडकीसमोर उजेडात बसवलं, चष्मा काढला, मोबाइलकडे बघून डोळे मिचकव म्हटलं. चेहऱ्यावरून दाखला झाला. मोबाइल जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन ७० रुपयांत काम करतो.

इलाजाच्या कार्डांचा घोळही खूप होतो. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं हे खरं. पण ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, असलेल्यांना दोन्हीतलं एकच निवडावं लागतं. शेजाऱ्यांनी काढलं म्हणून घाईने फॉर्म भरू नका. आयुष्मान ॲडमिट झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. दर महिन्याची बीपी-शुगरची औषधं ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात, आणि घरखर्चाला खरा हातभार त्यांचाच असतो.

रात्री अपरात्री छातीत दुखलं तर जवळच्या हॉस्पिटलात न्या, ते ईसीएचएसच्या यादीत आहे की नाही हे बघत थांबू नका. फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. धावपळीत नेमकं हेच राहून जातं आणि बिलाची भरपाई अडकते. आमच्याकडे ईसीएचएस कार्डाचा फोटो आणि पॉलिक्लिनिकचा नंबर तिन्ही भावंडांच्या मोबाइलमध्ये आहे. जो हॉस्पिटलात आधी पोहोचेल, त्याने फोन करायचा.