न्यूरेंबर्गचा ख्रिसमस बाजार: या चुका टाळा

दिवाळी आटोपली की भारतातून आम्हा जर्मनीकरांना फोन सुरू होतात. "मुलांना नाताळची सुट्टी लागली की निघतो, २६ला न्यूरेंबर्गचा बाजार बघू." बघा, पण रिकामा बाजार दिसेल.

ख्रिसमसचा बाजार ख्रिसमसमध्ये असणारच, असं गृहीत धरून तिकिटं काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हा बाजार सणाच्या आधीचा, आपल्याकडे दिवाळीच्या आधी भरतो तसा. अ‍ॅडव्हेंटच्या (म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या) पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला फ्राउएनकिर्श चर्चच्या सज्जातून ख्रिस्टकिंड, म्हणजे सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घातलेली गावातलीच एक मुलगी, उद्घाटन करते. २४ डिसेंबरच्या दुपारी खेळ खलास.

माझ्या मावसबहिणीला एजंटने '२६ डिसेंबर: ख्रिसमस मार्केट' असं छापून दिलं होतं. मी सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "अहो, एजंटला माहीत नसेल का?" त्या सकाळी हाउप्टमार्क्टवर, म्हणजे बाजार भरतो त्या चौकात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या छपरांखाली ना दिवा ना दुकानदार. २५ आणि २६ दोन्ही दिवस जर्मनीत सुट्टी, म्हणजे आजूबाजूची दुकानंही बंद. एजंट फोन उचलेना. बारा वाजता चर्चच्या घड्याळातल्या सात इलेक्टरांच्या, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या सरदारांच्या, बाहुल्या सम्राटाभोवती तीन फेऱ्या मारून गेल्या. ठरल्याप्रमाणे घडलेली तेवढी एकच गोष्ट. मग स्टेशनवरच्या बेकरीत पोरांना प्रेट्झेल खायला घातले. शाळा चार दिवस बुडवा, पण २४च्या आधी या.

शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. फोटोसाठी दिवे हवेत म्हणून सगळे तेव्हाच येतात, आणि गर्दी नेईल तिकडे जावं लागतं. मी मंगळवार-बुधवारी तीनच्या सुमाराला जाते. साडेचारच्या आसपास अंधार पडतोच, दिवेही मिळतात.

म्युनिकहून बायर्न तिकिटावर (बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचा दिवसाचा पास) येणार असाल तर ते आयसीई या जलद गाडीत चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधीही नाही. टीसीपुढे हुज्जत घालून उपयोग नाही.

पातळ तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. थंडी दगडी फरशीतून पायात चढते, जॅकेट कितीही भारी असो.

खाण्याचं म्हणाल, तर 'द्राय इम वेग्ला' म्हणजे पावात बोटाएवढी तीन सॉसेजेस, आणि ती डुकराच्या मांसाची असतात. न विचारता घास घेऊन मग तोंड वाकडं करणारे मी पाहिलेत. शाकाहारी माणसाने बटाट्याचे तळलेले पॅनकेक आणि सफरचंदाचा गर शोधावा. अंडं चालत नसेल तर तिथेही विचारावं. लेबकूखन, म्हणजे मसालेदार गोड बिस्किटं, घ्यायचे तर 'एलिझेन' लिहिलेले घ्या. त्यात सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ जास्तीत जास्त १० टक्के असावं लागतं. पहिल्याच दुकानातला सुंदर डबा बघून पाकीट उघडणाऱ्यांना डबाच मिळतो. एलिझेनमध्ये अंडं बहुधा असतंच, तेव्हा सोवळ्यातल्या आजींसाठी नेऊ नका.

मुलांना किंडरपुन्श (बिनदारूचं गरम पेय) द्या, ग्लूवाइन नव्हे. ग्लूवाइन म्हणजे गरम केलेली दारूच. आणि पेयाच्या कपाचं डिपॉझिट किमतीत धरलेलं असतं. कप परत केला की पैसे परत. तो बाकावर ठेवून निघून जायचं आणि "केवढं महाग!" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ओरडायचं, हे तरी करू नका.