साठ अंशांचा हिशोब

पॅरिसमध्ये जुन्या फर्निचरची दुरुस्ती शिकायला गेले, तेव्हा वाटलं होतं की हात वळला की झालं. पहिला महिना कोन मोजण्यातच गेला.

पार्केट्री म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे भूमितीय तुकडे सांगाड्यावर चिकटवून केलेली नक्षी. फुलं-पानं, चित्रं आली की ती मार्केट्री. अठराव्या शतकातल्या फ्रेंच कपाटांवर ठोकळ्यांचा नमुना वारंवार भेटतो. तीन समभुज चौकोन जुळवायचे, एक उजळ, एक मध्यम, एक गडद, की सपाट फळीवर ठोकळे उभे राहतात.

या नमुन्यात साठ अंशांचे सहा कोन एका बिंदूत येतात. प्रत्येकात अर्धाच अंश चुकला, तरी शेवटी तीन अंशांची फट. मी ती भुसा आणि सरस भरून बुजवली. शिक्षिकाबाई काही बोलल्या नाहीत; दिवा उचलून प्रकाश आडवा पाडला, तशी बुजवलेली फट उघडी पडली. सगळं उकरून पुन्हा!

उकरता आलं ते सरसामुळे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा हा डिंक ऊब आणि ओल लागली की सुटतो, म्हणून दुरुस्तीत फेव्हिकॉलची सवय सोडा. सरस पाण्याच्या भांड्यात ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवायचा (इथेही साठच!). उकळला की त्याचा जोर गेला.

दुसरी सवय पॉलिश पेपरची. जुने पापुद्रे हाताने करवतलेले, त्यामुळे आजच्या ०.६ मिलिमीटरच्या व्हिनियरपेक्षा बरेच जाड. पण पिढ्यान्‌पिढ्या घासून काही जागी कागदाइतके उरलेत. नवख्या हाताने पेपर उचलूच नये.

रंगावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. बाहेरून गुळासारखं तपकिरी दिसणारं अमरांथ नावाचं लाकूड मुळात जांभळं असतं. पापुद्र्याची मागची बाजू पाहिली की मूळ रंग कळतो. ज्याला किंगवुड म्हणतात ते तर आपल्या शिसवाच्याच कुळातलं. मी घरून शिसवाचे तुकडे आणणार होते, पण २०१७ पासून या सगळ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आधी परवान्याची चौकशी करा.

आणि लंडनला गेलात तर वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात रिझेनेर या अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या फर्निचर-कारागिराचं काम बघा, प्रवेश फुकट आहे. समोर उभं राहू नका, बाजूने वाकून बघा. पहारेकरी दोन पावलं जवळ येतो, पण वाकायला मनाई नाही.