पॉलिहाऊसमधली ढबू पिवळी पडली? खत सोडण्याआधी या चुका टाळा

ढबू मिरचीचं पान पिवळं दिसलं की बेळगाव जिल्ह्यात खानापुरापासून अथणीपर्यंत एकच सल्ला मिळतो: "खत कमी पडलंय, एक बॅग १९:१९:१९ सोडा की." (१९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही सारख्या प्रमाणात असलेलं खत. पुढचे असे आकडेही याच क्रमानं वाचा.) सल्ला देणाऱ्याचं मन वाईट नसतं. पण खत कमी पडून जेवढे प्लॉट बसले, त्याहून जास्त या सल्ल्यानं बसले, असं माझं ठाम मत आहे. पॉलिहाऊसच्या मातीला पाऊस लागत नाही. जास्तीचं खत धुऊन जायला वाटच नसते, ते मुळाशी साठत राहतं. म्हणून बहुतेक वेळा अन्न मातीत असतं, पण मुळीला ते उचलता येत नाही. ते का उचलता येत नाही, हे शोधणं म्हणजेच निदान.

पिवळेपणा पाहिला, पान पाहिलं नाही

पहिला प्रश्न रंगाचा नाही, जागेचा आहे. पिवळं पान खालचं जुनं आहे की शेंड्याचं कोवळं? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी उतरतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा जिथे बसले तिथून हलत नाहीत. त्यांची कमतरता शेंड्यात दिसते.

आपल्या भागात हा फरक फार उपयोगी पडतो, कारण एकाच जिल्ह्यात जमीन दोन टोकांची आहे. उचगाव, बेळगुंदी, खानापूर बाजूची तांबडी माती आम्लधर्मी. वर्षानुवर्षांच्या पावसानं तिच्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धुपून गेलेलं. तिथे खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर पहिला संशय मॅग्नेशियमवर घ्या. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा. तिकडे अथणी, रायबाग, चिकोडीच्या काळ्या चुनखडीच्या रानात तोच हिरव्या शिरांचा नमुना शेंड्याच्या पानांवर दिसतो, आणि तो लोहाचा असतो. चित्र सारखंच, फक्त झाडावरची जागा उलटी. लांबून काढलेला फोटो मोबाईलवर पाठवून विचारलं तर कोणीही चुकेल. फोटो पाठवायचाच असेल तर पूर्ण झाडाचा, खालच्या पानाचा आणि शेंड्याचा, असे तिन्ही पाठवा.

खालचं पान शिरांसकट सगळंच फिकट पिवळं पडत असेल तर ती नत्राची कमतरता. पण फळांचा भार असताना तळाची दोन-चार पानं पिकून गळणं हा झाडाचा धर्म आहे, त्याला औषध नाही.

बोअरचं पाणी न तपासता लोह देत राहणं

अथणी-रायबागकडच्या बहुतेक बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं बायकार्बोनेट रोज ड्रिपमधून मुळाशी जातं आणि मातीचा सामू (पीएच) हळूहळू वर चढवतं. सामू साडेसातच्या पुढे गेला की मातीत लोह असूनही ते मुळीला मिळत नाही. अशा वेळी साधं फेरस सल्फेट सोडलं तर ते तिथेच गंजून बसतं. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड (दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं) लोह साधारण साडेसहा सामूपर्यंतच टिकतं, त्यापुढे सुटतं. चुनखडीच्या रानात ड्रिपमधून द्यायला ईडीडीएचए प्रकारचंच लोह लागतं. ते महाग आहे, पण दोनदा वाया घालवलेल्या स्वस्त लोहापेक्षा परवडतं. पुडीवर कुठला चिलेट आहे ते वाचल्याशिवाय दुकानातून उठू नका.

याचं मूळ पाण्यात आहे, तेव्हा पाणीच सुधारायला हवं. दहा लिटरच्या बादलीत थोडं थोडं आम्ल घालत सामू सहा ते साडेसहावर येईपर्यंत मोजा आणि त्या हिशेबानं टाकीत फॉस्फरिक किंवा नायट्रिक आम्ल वापरा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा, पोरांना यात पाठवू नका.

आणखी एक. जुलै-ऑगस्टमध्ये कडेनं पाणी मुरून बेड आठ-आठ दिवस ओले राहतात. तेव्हाही शेंडे पिवळे पडतात, कारण मुळीला हवा मिळत नाही. तिथे लोह देण्यापेक्षा चर काढा आणि ड्रिप बंद ठेवा.

करपलेली कड म्हणजे पोटॅश कमी, असं धरून चालणं

खालच्या पानाची कड वाळली की ००:००:५० सोडलं जातं. पालाश कमी असेल तर ते बरोबर. पण क्षार वाढले तरी कड अशीच करपते, आणि मग त्याच पोटॅशनं क्षार आणखी चढतात. ढबू क्षाराला नाजूक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी, म्हणजे क्षारांचं माप, १.५ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात हा आकडा गाठायला वेळ लागत नाही. ईसीचा पेन-मीटर खताच्या एखाद-दुसऱ्या बॅगेच्या भावात मिळतो. मातीऐवजी कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्या असतील तर आत जाणारं आणि तळातून निघणारं पाणी दोन्ही मोजा. निघणाऱ्याची ईसी बरीच जास्त असेल तर खत थांबवून साधं पाणी द्या, पोटॅशला हात लावू नका.

फळाचं बूड काळं पडलं म्हणून पानावर कॅल्शियम फवारणं

मार्च-एप्रिलात हमखास दिसणारी ही तक्रार. कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर चढतं, आणि दुपारच्या उन्हात ते सगळं पाणी पानं ओढून घेतात. फळाच्या टोकापर्यंत काही पोचत नाही. पानावर फवारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळात उतरत नाही. मग करायचं काय? एकदाच भरपूर पाणी देण्याऐवजी दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. दुपारी सावलीची जाळी ओढा. युरिया आणि अमोनियमचं नत्र कमी करा, १३:००:४५ चा मारा थांबवा, कारण अमोनियम आणि पोटॅश दोन्ही कॅल्शियमची वाट अडवतात. कॅल्शियम नायट्रेट ड्रिपमधूनच द्या. डाग बुडाला नसून उन्हाच्या बाजूला पांढरट-कागदी असेल तर ती उन्हाची भाज आहे, तिथे फक्त सावली लागते.

कॅल्शियम नायट्रेट सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खताबरोबर एका टाकीत टाकू नका. पाणी दुधासारखं होतं, खाली गाळ बसतो आणि ड्रिपर बंद पडतात. मग ज्या झाडाचा ड्रिपर बुजला तेवढंच पिवळं पडतं, आणि आपण पुन्हा खतालाच दोष देतो.

खताशी संबंधच नसलेले आजार

शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे (थ्रिप्स), खाली वळून कडक झाली तर कोळी कीड (माइट). दोन्ही वेळा बोरॉन कमी आहे म्हणून फवारणी होताना मी पाहिली आहे. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. पानाची कड जळाली की मग काही हातात राहत नाही. आधी भिंग घेऊन पानाची खालची बाजू बघा.

पानं अचानक अरुंद, दोरीसारखी, शिरा समांतर झालेली दिसली तर शेजारच्या उसात विचारपूस करा. उसातल्या रुंद पानाच्या तणाला २,४-डी मारतात आणि पॉलिहाऊसचे बाजूचे पडदे उघडे असले की वाऱ्यावर ते आत येतं. फवारणीचा पंप ऊस आणि ढबू दोन्हींना एकच असेल तर धुऊनही धोका उरतो. ढबूसाठी पंप वेगळाच ठेवा. निपाणी-चिकोडीत जवळपास प्रत्येक पॉलिहाऊसच्या कडेला ऊस आहे. शेजाऱ्याला फवारणीचा दिवस आधी सांगायला सांगणं हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोठं काम आहे.

दुपारी माना टाकून संध्याकाळी सावरणारं, प्लॉटमध्ये तुकड्या-तुकड्यांनी पिवळं पडणारं पीक असेल तर एक झाड उपटा. मुळीवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमी आहे. त्याच बेडवर वर्षानुवर्षं ढबू घेतली की ती वाढतच जाते. अशा मुळीला खत कितीही द्या, उचलणार कोण?

फांद्यांच्या बेचक्यात जांभळी छटा ढबूत नैसर्गिकच असते, तिला स्फुरद देत बसू नका.

सगळ्या प्लॉटला एकदम उपाय करणं

एका बेडला द्या, शेजारचा तसाच ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी फक्त नवी पानं बघा. बिघडलेलं जुनं पान बहुधा पूर्ण सुधारत नाही, त्याच्याकडे बघून डोस वाढवणं हीच पुढची चूक ठरते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही.

माती-पाणी तपासायला मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात चौकशी करा. नमुना चांगल्या आणि बिघडलेल्या अशा दोन्ही जागांचा, वेगवेगळ्या पिशवीत न्या, त्याशिवाय तुलना होत नाही. अहवाल कन्नडमध्ये असेल तर नत्राला सारजनक, स्फुरदाला रंजक आणि सामूला रससार लिहिलेलं असतं, तेव्हा आकडा भलत्याच ओळीतून उचलू नका. बोअरचं पाणी मात्र दिवाळीत एकदा आणि मे महिन्यात पातळी खाली गेल्यावर पुन्हा एकदा तपासा. उन्हाळ्यात क्षार बहुधा वाढलेले असतात आणि दिवाळीचा आम्लाचा हिशेब तेव्हा चालत नाही.