मध्यस्थीला बसण्याआधी ॲडम कर्ल कसे वाचावेत

ॲडम कर्ल (1916–2006) हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रूच्या कैदेतून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनावर त्यांनी काम केलं. पुढे एक्झिटरला शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1973 मध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता-अभ्यासाचे पहिले प्राध्यापक. 1967 ते 1970 च्या नायजेरियातील यादवी युद्धात क्वेकरांच्या वतीने ते दोन्ही बाजूंना भेटत होते.

शिक्षण आणि विकासावरची त्यांची पुस्तकं तूर्त बाजूला ठेवा. आधी ‘मेकिंग पीस’ (1971) घ्या, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा.

कागदावर दोन रेषा काढा. आडव्या रेषेवर जाणीव: दुबळ्या बाजूला आपल्यावर अन्याय होतोय हे कितपत कळतंय? उभ्या रेषेवर बळ: दोन्ही बाजूंची ताकद विषम आहे की जवळपास सारखी? आता तुमच्यासमोरचा तंटा, समजा मालक आणि कामगारांचा, या चौकटीत कुठे बसतो ते खूण करून ठरवा.

बळ विषम आणि जाणीवही कमी असेल, तर पहिलं काम शिक्षणाचं: लोकांना आपली स्थिती उमगू देणं. जाणीव आली पण बळ विषमच आहे, तर संघटना आणि अहिंसक संघर्ष. बळ बरोबरीला येऊ लागलं की मग वाटाघाटी. त्यानंतर दोघांनी मिळून नवं नातं उभारायचं, ज्याला कर्ल विकास म्हणतात.

चुकतं ते इथेच. भांडण दिसलं की भली माणसं थेट समेटाला धावतात. पण कामगारांच्या हाती काहीच नसताना त्यांना टेबलाशी बसवलंत, तर मालक देईल तेवढ्यावर सही होते आणि अन्यायावर शांततेचं शिक्कामोर्तब होतं. वरवर शांत दिसणारं नातंही कर्ल यांच्या लेखी अशांत असू शकतं. हा मुद्दा नीट पचल्याशिवाय पुढचं पुस्तक उघडू नका.

खूण वाटाघाटीच्या जागी पडत असेल, तर ‘इन द मिडल’ (1986) वाचा. त्यात मध्यस्थाची चार कामं आहेत: संवाद सुरू करून टिकवणं, दोन्हीकडे माहिती पोचवणं, दोन्ही बाजूंशी मैत्री करणं आणि बोलणी करायची तयारी त्यांच्यात रुजवणं. मैत्रीचं काम सगळ्यात वेळखाऊ, आणि तेच टाळलं जातं. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे ही क्वेकर श्रद्धा त्यामागे आहे. ती तुमची नसली तरी समोरच्याला माणूस म्हणून भेटावंच लागतं.

निरोप नेताना काळजी घ्या. पूर्ण ऐकून घ्या, मध्ये तोडू नका. मग “तुमचं म्हणणं असं आहे ना?” म्हणून आपल्या शब्दांत परत सांगा आणि चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. निघण्यापूर्वी विचारा, “यातलं त्यांना काय सांगू?” जे सांगू नका म्हणतील ते तुमच्यापाशीच ठेवा. बाकीचं गुळगुळीत न करता पोचवा. “ते तयारच आहेत हो” असं गोड करून सांगितलं, की पहिल्याच समोरासमोरच्या बैठकीत ते उघडं पडतं आणि तुमच्यावरचा दोघांचाही विश्वास उडतो.