सारायेव्होत चार धर्मस्थळे एका सकाळीत? या चुका टाळा

बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेव्होच्या जुन्या भागाचा नकाशा पाहतानाच पहिली चूक होते. बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेच्या परिसरात गाझी हुस्रेव-बेग मशीद, जुने ऑर्थोडॉक्स चर्च, स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंच्या वंशजांचे सोळाव्या शतकातील सिनेगॉग आणि 1889 मध्ये पूर्ण झालेले कॅथलिक कॅथीड्रल ही चारही स्थळे एकमेकांपासून काही मिनिटांच्या चालीवर आहेत. साहजिकच ‘सकाळी चारही उरकू आणि दुपारी मोस्तारची बस पकडू’ असा बेत आखला जातो. अंतर खरोखरच कमी आहे. परंतु प्रत्येक वास्तूचे वेळापत्रक स्वतंत्र आहे, आणि बेत फसतो तो त्यामुळेच.

जुन्या सिनेगॉगमध्ये आता ज्यू संग्रहालय आहे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथ या ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, ते बंद असते. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या नमाजासाठी मशीद भरलेली असते, तर रविवारी सकाळी दोन्ही चर्चमध्ये उपासना चालू असल्याने कॅमेरा घेऊन फिरणे अप्रशस्त ठरते. पुढे उल्लेख येणाऱ्या राष्ट्रीय संग्रहालयाला सोमवारी सुटी असते. म्हणजे आपण ज्याला ‘शनिवार-रविवारची जोडून सहल’ म्हणतो, तीच येथे सर्वांत गैरसोयीची असते. मंगळवार ते गुरुवार यांतील दोन दिवस हाताशी ठेवावेत.

मशिदीत पर्यटकांना नमाजाच्या वेळा सोडून प्रवेश मिळतो आणि नमाजाच्या वेळा सूर्याप्रमाणे रोज थोड्या सरकत असल्याने, जुन्या प्रवासवर्णनात वाचलेल्या वेळेवर विसंबून जाणाऱ्याला दारातून परतावे लागते. पादत्राणे बाहेर काढावीत आणि स्त्रियांनी डोके झाकण्यासाठी ओढणी जवळ ठेवावी, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. रमजानच्या महिन्यात पर्यटकांच्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करून ठेवणे चांगले. त्या महिन्यात सूर्यास्ताला झुता ताबिया या टेकडीवरील बुरुजावरून तोफ डागली जाते आणि ती ऐकायला लोक खाण्याचे डबे घेऊन वर जमतात. तो प्रसंग अवश्य पाहावा. मात्र त्याच वेळी खालच्या उपाहारगृहांत जागा मिळेल अशी आशा ठेवू नये.

मशिदीजवळच्या साहात-कुला या घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाहून ‘घड्याळ बिघडलेले दिसते’ असे म्हणणारे रोज भेटतात. ते बिघडलेले नाही. त्या घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजतात आणि दिवस लहान-मोठा होईल तसे ते हाताने जुळवून घ्यावे लागते. आपल्या पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात, तसे येथे तास सूर्यास्तापासून मोजले जातात. हे एकदा ध्यानात आले की ते वाचता येते. कॅलेंडराचेही तसेच. कॅथलिकांचा नाताळ 25 डिसेंबरला असतो आणि ऑर्थोडॉक्सांचा 7 जानेवारीला, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस जाऊन ‘सर्वांचा नाताळ पाहिला’ असे समजू नये.

सारायेव्हो हग्गादा हे चौदाव्या शतकात स्पेनमध्ये घडवलेले हिब्रू सचित्र हस्तलिखित पाहायचे असेल, तर आणखी एक घोटाळा टाळावा लागेल. ते ज्यू संग्रहालयात नाही, तर गावाच्या दुसऱ्या भागातील राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ज्या दालनात ते ठेवलेले आहे ते संग्रहालयाच्या पूर्ण वेळात उघडे नसते. दुसऱ्या महायुद्धात दर्विश कोर्कुत या मुस्लिम ग्रंथपालाने ते नाझींपासून लपवले होते. या शहराच्या मिश्र वारशाविषयी मला इतके बोलके दुसरे उदाहरण ठाऊक नाही, म्हणून त्याची वेळ आधी विचारून मगच बाकीचा दिवस आखावा.

लातिन्स्का चुप्रिया या पुलावर उभे राहून ‘येथेच आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला’ म्हणून छायाचित्र काढणे ही जवळजवळ सार्वत्रिक चूक आहे. 28 जून 1914 रोजी गाव्ह्रिलो प्रिन्सिप या बोस्नियन सर्ब तरुणाने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या या युवराजावर गोळ्या झाडल्या त्या पुलावर नव्हे, तर पुलाच्या उत्तर टोकासमोरील रस्त्याच्या कोपऱ्यावर, जेथे आज छोटे संग्रहालय आहे. बोस्निया युगोस्लाव्हियाचा भाग होता त्या काळात पुलाला प्रिन्सिपचे नाव होते. तो वीर की मारेकरी, यावर येथे आजही एकमत नाही. तेव्हा चहाच्या टपरीवरच्या आवेशात निकाल देऊ नये.

रस्त्यावर लाल रेझिनने भरलेले खड्डे दिसतात, त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. बोस्नियातील युद्धात 1992 ते 1996 या काळात शहराला पडलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी माणसे मारली गेली, त्या जागांच्या त्या खुणा आहेत. त्यांवर पाय ठेवून हसऱ्या चेहऱ्याने छायाचित्र काढणे टाळावे. मार्काले बाजारात आज भाजी विकली जाते, पण 5 फेब्रुवारी 1994 रोजी एकाच तोफगोळ्याने तेथे 68 जणांचा बळी घेतला होता. ट्रेबेविच डोंगरावर रोपवेने जाऊन 1984 च्या हिवाळी ऑलिंपिकमधील बॉबस्लेचा (बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीचा) मार्ग पाहता येतो, मात्र आखलेली वाट सोडून रानात शिरू नये, कारण युद्धात पेरलेले भूसुरुंग देशातून अद्याप पूर्णपणे निघालेले नाहीत.

बोलण्यातली एक चूक वारंवार होते. बोस्नियन म्हणजे या देशाचा कोणताही रहिवासी, आणि बोस्नियाक म्हणजे येथील मुस्लिम परंपरेचा समाज. दोन्ही शब्द एकच मानले की तेथील सर्ब आणि क्रोएट आपोआप वगळले जातात. ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न तर विचारूच नये. शाकाहारी मंडळींनी बेकरीत ‘चीज बुरेक’ मागू नये, कारण येथे बुरेक म्हणजे पातळ पोळीत सारण भरून भाजलेला, तोही फक्त खिम्याचा पदार्थ. चीजची ती सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा आणि बटाट्याची क्रोम्पिरुशा. जेझ्वा या लांब दांड्याच्या लहान भांड्यातून येणाऱ्या कॉफीला टर्किश न म्हणता बोस्नियन म्हणावे, आणि तळाचा गाळ पिऊ नये.

भारतीय पासपोर्टधारकांची सर्वांत महागडी चूक व्हिसाची. बोस्निया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, पण क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आहे. एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर क्रोएशियातील दुब्रोव्हनिकहून येथे आलात, तर त्याच व्हिसावर परत जाता येत नाही. बोस्नियाचे नियम दूतावासाकडून स्वतः तपासून घ्यावेत. लहान दुकानांसाठी स्थानिक चलन, म्हणजे कन्व्हर्टिबल मार्क, जवळ असावे. त्याचा दर 1 युरोला 1.95583 असा बांधलेला असल्याने साधारण निम्मे केले की युरोतला हिशेब निघतो. सर्बियाची राजधानी बेलग्रेडला जाणाऱ्यांनी तिकिटावरचे स्थानक नीट वाचावे, कारण त्या बहुतेक बस रेल्वे स्थानकाजवळच्या मुख्य स्थानकावरून न सुटता, शहराच्या दुसऱ्या टोकाला पूर्व सारायेव्होतील लुकावित्सा येथून सुटतात. ट्रॉलीबसने दोब्रिन्यापर्यंत जाऊन पुढे थोडे चालावे लागते.